मोठी गाडी घेताय? आधी मागच्या सीटवर बसून पाहा

घरात फ्रीज घ्यायचा असला तर आपण चार दुकानं पालथी घालतो. मिक्सर घेताना भांड्याचं झाकण दहादा लावून-काढून पाहतो. साडीचं तर विचारूच नका! पण मोटरसायकल घ्यायची वेळ आली की आपण एकदम गप्प. "त्यातलं मला काय कळतंय, तुम्हीच ठरवा," असं म्हणून मोकळ्या होतो. मग तीन-साडेतीन लाखांची वस्तू दारात येऊन उभी राहते. तिच्या मागच्या सीटवर चढताना कंबर धरते आणि दर महिन्याला हप्ता कापला गेला की वाणसामानाची यादी आखडती घ्यावी लागते.

अलीकडे ही वेळ पुष्कळ घरांत येऊ लागली आहे. पाच-सहा वर्षांपूर्वी हौसेने घेतलेली दोनशे सीसीची, डांबरी रस्त्यावर आणि कच्च्या वाटेवरही चालणारी गाडी विकायची आणि तिच्या जागी चारशे-साडेचारशे सीसीची 'अ‍ॅडव्हेंचर' मोटरसायकल आणायची, असा यजमानांचा किंवा मुलाचा बेत असतो. एखाद्या घरात तो लेकीचाही असतो. बेत वाईट आहे असं मुळीच नाही. आठवडाभर यंत्रांच्या खडखडाटात काम करणाऱ्या माणसाने रविवारी माळशेज नाहीतर भंडारदरा गाठला, तर त्यात गैर काय? पण हौसेला फूटपट्टी लावायचं काम घरात कुणीतरी करायला हवं. ते आपण करू या. त्यासाठी इंजिन उघडता यायची गरज नाही. शिवणाची टेप, वही आणि पेन्सिल एवढं पुरे.

ही गाडी असते तरी कशी?

अ‍ॅडव्हेंचर मोटरसायकल म्हणजे उंच, ताठ बैठकीची आणि लांब पल्ल्याची गाडी. पुढचं चाक मोठं, खाली दगड लागू नये म्हणून इंजिनला पत्र्याचं कवच, सामान बांधायला मागे कॅरियर. परदेशात 'मध्यम' म्हणजे सातशे-आठशे सीसी समजतात. आपल्याकडे अडीचशे ते साडेचारशेच्या गाड्यांना मध्यम म्हणायची पद्धत पडली आहे.

नावं कानावर असलेली बरी, म्हणजे शोरूममध्ये कुणी आपल्याला गुंडाळणार नाही. छोट्यांमध्ये ठळक नाव हिरो एक्सपल्स २०० चं. ती २०१९ मध्ये आली. मोठ्यांमध्ये रॉयल एन्फिल्डची हिमालयन. पहिली, ४११ सीसीची, २०१६ मध्ये आली. नोव्हेंबर २०२३ मध्ये तिची जागा ४५२ सीसीच्या हिमालयन ४५० ने घेतली. केटीएम ३९० अ‍ॅडव्हेंचर २०२० मध्ये आली आणि २०२५ मध्ये नव्या ३९९ सीसी इंजिनासह पुन्हा आली. ट्रायम्फची स्क्रॅम्बलर ४०० एक्स २०२३ ची. या शेवटच्या दोन्ही गाड्या बनतात आपल्या पुण्याजवळच्या चाकणमध्ये, बजाजच्या कारखान्यात. मधल्या पायरीवर आहे सुझुकीची २४९ सीसीची व्ही-स्ट्रॉम एसएक्स, ती २०२२ मध्ये आली.

पहिली कसोटी साकीनाक्याची

गाडीच्या जाहिरातीत नेहमी बर्फाचे डोंगर असतात. आपली गाडी मात्र सकाळी उठून अंधेरी-कुर्ला रस्त्यावर उतरायची असते. साकीनाक्याला राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. खैराणी रोडवर टेम्पो उलटा घेत असतो, बाजूला हातगाडी, मध्ये रिक्षा, वर मेट्रोचा पूल. पहिला गिअर, क्लच, ब्रेक, पुन्हा पहिला गिअर. दोन किलोमीटरला अर्धा तास गेला तरी कुणी नवल करत नाही.

इथे वजन सांभाळावं लागतं. एक्सपल्स २०० भरते १५४ किलो. हिमालयन ४५० भरते १९६ किलो. फरक ४२ किलोंचा. आपला घरगुती गॅसचा भरलेला सिलिंडर लोखंडासकट साधारण तीस किलो असतो. म्हणजे जवळजवळ दीड भरलेला सिलिंडर जास्तीचा! धावत्या गाडीवर हे ओझं कळत नाही. पण चाळीच्या बोळात गाडी वळवून घेताना, असल्फ्याच्या चढावर सिग्नलला उभं राहताना, किंवा सोसायटीत दोन स्कूटरच्या मधून मागे ओढून काढताना ते पुरेपूर कळतं. मोटरसायकलला मागचा गिअर नसतो. मागे ओढायची ती माणसाच्या मांड्यांच्या आणि कमरेच्या जोरावर. ज्यांना पाठीचं दुखणं आहे त्यांनी याचा विचार आधी करावा.

दुसरी गोष्ट उष्णतेची. छोट्या गाड्यांचं इंजिन बहुधा वाऱ्याने आणि तेलाने गार राहतं. चारशेच्या पुढच्या या नव्या गाड्यांना रेडिएटर असतो, त्यातून पाणी फिरतं आणि ते तापलं की पंखा सुरू होतो. इंजिनाच्या दृष्टीने ही सोय उत्तम. पण गाडी जागच्या जागी उभी असताना पंख्याची गरम हवा जाणार कुठे? ती चालवणाऱ्याच्या पोटऱ्यांकडे येते. मे महिन्यात, दुपारी, साकीनाक्याच्या सिग्नलला याचा अनुभव घेऊन मगच ठरवावं.

उलट, "रस्त्यात खड्डे फार, म्हणून मोठी गाडी हवी," असं कुणी सांगू लागलं तर चटकन मान डोलवू नका. खड्डे पचवायचं काम शॉकअब्सॉर्बरचं असतं, सीसीचं नव्हे. एक्सपल्स २०० चं पुढचं चाक १९० मिलिमीटर खाली-वर होतं आणि मागचं १७०. हिमालयन ४५० ची दोन्ही चाकं २०० मिलिमीटर. फरक आहे, पण लाखाच्या घरातला नाही.

मग मोठ्या गाडीत मिळतं काय?

मिळतं ते प्रामाणिकपणे सांगायला हवं. पहिली गोष्ट ताकद. एक्सपल्स २०० ची ताकद साधारण १८ अश्वशक्ती, हिमालयन ४५० ची ४०. म्हणजे दुपटीहून जास्त. एकटा माणूस दोनशे सीसीवर आरामात हिंडतो. पण मागे आपण, आपल्यामागे दोन बॅगा, आणि समोर कसारा घाटाचा चढ असला की छोटं इंजिन घामाघूम होतं. ट्रकच्या पुढे जायला वेळ लागतो, आणि ट्रकच्या शेजारून जाताना लागणारा वेळ हाच खरा धोक्याचा. तिथे मोठं इंजिन उपयोगी पडतं.

दुसरी गोष्ट ब्रेकची, आणि ती मला ताकदीहून महत्त्वाची वाटते. जोराचा ब्रेक लागला तरी चाक जाम होऊन घसरू नये म्हणून एबीएस असतं. एक्सपल्स २०० ला ते फक्त पुढच्या चाकाला आलं होतं. हिमालयन ४५०, व्ही-स्ट्रॉम एसएक्स यांना दोन्ही चाकांना आहे. ओल्या घाटात, शेवाळलेल्या वळणावर, मागे बायको बसलेली असताना याची किंमत कळते. गाडी कुठलीही घ्या, "एबीएस दोन्ही चाकांना आहे का?" हा प्रश्न विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

तिसरी गोष्ट टायरची. तारांच्या चाकात बहुधा ट्यूब असते. पंक्चर झालं की चाक सोडवावं लागतं, आणि संध्याकाळी सातला माळशेजच्या धुक्यात ते कोण सोडवणार? ट्यूबलेस असलं तर बाहेरूनच रबराची पट्टी खुपसून, हवा भरून पुढे निघता येतं. हिमालयन ४५० ला तारांची ट्यूबलेस चाकं २०२४ पासून मिळू लागली. व्ही-स्ट्रॉमला ट्यूबलेस टायर आधीपासून आहेत.

आणि आता एक गोष्ट जी उत्साहाच्या भरात विसरली जाते. वेगाने जाण्यासाठी जे मोठे रस्ते बांधले गेले, त्यांतले बरेचसे मोटरसायकलला बंदच आहेत. वांद्रे-वरळी सागरी सेतू, किनारी रस्ता, अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग, कुठेच दुचाकीला प्रवेश नाही, मग ती दोनशेची असो की साडेचारशेची. उरतात ते नाशिकचा, गुजरातचा, गोव्याचा असे जुने महामार्ग आणि घाट. त्या रस्त्यांवर वर्षातून किती दिवस जाणं होतं, हा प्रश्न वहीत पहिल्या ओळीवर लिहा. मागच्या वर्षीचं कॅलेंडर काढा आणि खरोखरीचे दिवस मोजा. 'जाणार होतो' ते दिवस मोजायचे नाहीत हं!

आता मागची सीट

टेप घ्या आणि आपल्या स्वयंपाकाच्या ओट्याची उंची मोजा. बहुतेक घरांत ती बत्तीस ते चौतीस इंच भरेल. हिमालयन ४५० ची चालवणाऱ्याची सीट आहे ८२५ मिलिमीटर, म्हणजे साडेबत्तीस इंच. स्क्रॅम्बलर आणि व्ही-स्ट्रॉमची ८३५. थोडक्यात, पुढची सीट आपल्या ओट्याइतकी उंच, आणि मागची त्याहून वर. ओट्यावर पाय टाकून चढायचं आहे अशी कल्पना करा, म्हणजे काय ते ध्यानात येईल.

चालवणाऱ्याचंही माप घ्या. भिंतीला पाठ लावून अनवाणी उभं राहायला सांगा, जाड बांधणीचं पुस्तक दोन्ही पायांच्या मध्ये वरपर्यंत घट्ट धरायला लावा आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजा. हे माप तीस इंच भरलं आणि सीट साडेबत्तीस इंच असली, तर माणूस बसल्यावर गाडी जराशी दबली तरी टाचा अधांतरीच राहायच्या. अशा माणसाने कमी उंचीची सीट मिळते का ते विचारावं. हिमालयनला ती मिळते.

मागे बसणाऱ्यासाठी कायद्यानेही काही दिलेलं आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२३ व्या नियमाप्रमाणे प्रत्येक मोटरसायकलला मागच्या माणसासाठी पक्की मूठ, पाय ठेवायला जागा आणि कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून मागच्या चाकाचा निम्मा भाग तरी झाकणारं आवरण हवंच. आपण त्याला साडीगार्ड म्हणतो. हौशी मंडळी गाडी घरी आली की "दिसायला बरं नाही" म्हणून पहिल्यांदा तेच काढून टाकतात! त्याला ठाम नकार द्या. पदर आणि ओढणी चाकात अडकून झालेले अपघात आपण सगळ्यांनीच ऐकले आहेत.

खरं तर इतक्या उंच गाडीवर एका बाजूला पाय टाकून बसणं घाटात धोक्याचंच. तोल एकाच अंगाला जातो आणि अचानक ब्रेक लागला तर धरायला एकच हात उरतो. लांबच्या प्रवासाला सलवार किंवा पँट, ओढणी घट्ट बांधलेली किंवा बॅगेत, पायात मागे पट्टा असलेली चप्पल नव्हे तर बूट. आणि हेल्मेट दोघांनाही. मुंबईत जून २०२२ पासून मागे बसणाऱ्याने हेल्मेट घातलं नसेल तरी वाहतूक पोलीस कारवाई करू लागले. पोलिसांसाठी नको, आपल्या डोक्यासाठी घालू या. आयएसआय छाप पाहूनच घ्या. चार वर्षांखालचं मूल बरोबर असेल तर त्यालाही हेल्मेट, चालवणाऱ्याला जोडून ठेवणारा पट्टा, आणि वेग ताशी चाळीसच्या आत, असा नियम फेब्रुवारी २०२३ पासून आहे. मूल मध्ये, मूल टाकीवर, असला प्रवास या गाडीवर करायचाच नाही.

शोरूममध्ये 'टेस्ट राइड'ला दोघांनी मिळून जा. मागे बसून निदान वीस मिनिटं फिरा. पाय नीट टेकतात का, गुडघे फार वर येतात का, मूठ हाताला येते का, पायाला सायलेन्सरची धग लागते का, हे तुमच्याशिवाय कुणाला कळणार?

वहीतलं गणित

आता पैशाकडे वळू. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. साडेतीनशेच्या वर मात्र तो ४० टक्के झाला. आधी तो अधिभार धरून ३१ होता. म्हणजे ३५० सीसी ही आता आपल्या खिशातली लक्ष्मणरेषाच झाली. कर सोडून दोन लाखांची गाडी या रेषेच्या अलीकडे असली तर २,३६,००० ला पडते, पलीकडे असली तर २,८०,००० ला. चव्वेचाळीस हजारांचा फरक नुसत्या कराचा!

विम्याचंही तसंच. नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो. २०२२ मध्ये ठरलेल्या दरांप्रमाणे १५० ते ३५० सीसीला तो ७,३६५ रुपये, त्यावरच्या गाड्यांना १५,११७ रुपये. शिवाय नोंदणीचा कर, हेल्मेट, जाकीट, सामानाचे डबे. म्हणून शोरूमची किंमत ऐकून हुरळून जाऊ नका. 'ऑन रोड' किंमत कलमवार लिहून मागा आणि जे कलम समजत नाही त्यावर बोट ठेवून विचारा.

समजा जुनी गाडी विकून आणि शिल्लक घालून अडीच लाखांचं कर्ज काढावं लागलं. व्याज अकरा टक्के धरा. तीन वर्षांत फेडलं तर हप्ता सुमारे ८,१८५ रुपये आणि एकूण व्याज साधारण ४४,६०० रुपये. पाच वर्षांत फेडलं तर हप्ता ५,४३५, ऐकायला किती गोड! पण व्याज जातं ७६,००० वर. हप्ता लहान दिसतो म्हणून मुदत वाढवायची, तर त्याचे एकतीस हजार जास्त मोजायचे.

पेट्रोलचंही मांडून पाहा. महिन्याला सहाशे किलोमीटर फिरणं असेल, आणि छोटी गाडी लिटरला चाळीस, मोठी तीस देत असेल, तर पाच लिटर जास्त लागतं. शंभराच्या वरच्या भावाने महिना पाचशेहून अधिक झाले.

आता मघाचं कॅलेंडर पुन्हा उघडा. घाटातल्या सहली वर्षाला बाराच भरल्या, तर तीन वर्षांच्या हप्त्याप्रमाणे एकेका सहलीला आठ हजारांहून जास्त पडले, पेट्रोल आणि जेवण वेगळंच. चाळीस दिवस भरले तर तेच अडीच हजारांच्या आत येतं. आकडा समोर ठेवला की वाद आपोआप कमी होतो. बोलताना आवाज चढवावा लागत नाही.

चालवणारी तुम्हीच असाल तर?

तर दुधात साखर! पुण्याच्या उर्वशी पाटोळे यांनी २०११ मध्ये 'बायकर्नी' ही मोटरसायकल चालवणाऱ्या स्त्रियांची संघटना सुरू केली. २०२३ मध्ये पुण्याच्याच रमिला लटपटे नऊवारी नेसून मोटरसायकलवरून जगप्रवासाला निघाल्या. त्यांनी निवडलेली गाडी साडेतीनशे सीसीची होती. लांबच्या वाटेला फार मोठं इंजिन लागतंच असं नाही, हे त्यावरून दिसतं.

मात्र एक पाहा. स्कूटरचं लायसन्स बऱ्याच जणींकडे 'विनागिअर'चं असतं, मोटरसायकलला ते चालत नाही. गिअरचं लायसन्स एकदा काढलं की मग शंभर सीसी असो की साडेचारशे, कायदा अडवत नाही. अडवायचं ते आपण स्वतःला. रिकाम्या मैदानात महिनाभर हात बसल्याशिवाय नाक्यावर उतरू नका.

जुनी गाडी देताना

विकलेली गाडी नुसती किल्ली देऊन सुटत नाही. फॉर्म २९ आणि ३० भरून आरसी पुस्तकावर घेणाऱ्याचं नाव चढेपर्यंत कायद्याच्या दृष्टीने मालक आपणच. त्या गाडीने अपघात केला तर भरपाईची जबाबदारी नोंदणीत नाव असलेल्या मालकावर येते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. जुनं कर्ज फिटलं असेल तर बँकेचा दाखला घेऊन तो बोजा आरसीवरून उतरवून घ्या. आणि विम्याचा 'नो क्लेम बोनस' गाडीचा नसतो, मालकाचा असतो. विमा कंपनीकडून तसं पत्र घेतलं तर नव्या गाडीच्या विम्यात सूट मिळते. ही सूट न मागता कुणी देत नाही!

शेवटी काय घ्यावं?

चालवणारा बहुधा एकटाच, रोजचा प्रवास साकीनाका ते कारखाना, आणि घाट महिन्यातून एकदा, असं असेल तर हातातली दोनशेची गाडीच ठेवावी. तिला नवे टायर, नवे ब्रेक, चांगली सीट करून द्यावी, आणि रोजच्या कामाला शक्य असेल तेव्हा मेट्रो धरावी. घाटकोपरपासून वर्सोव्यापर्यंतची ही मेट्रो २०१४ पासून साकीनाक्याला थांबते आहे. लेह-लडाखची एकदाची हौस असेल तर तिथे गाडी भाड्याने मिळते.

दोघांनी मिळून फिरायचं, पण पैशाची ओढाताण नको, तर ३५० सीसीच्या रेषेअलीकडची अडीचशेची गाडी बघावी. व्ही-स्ट्रॉम १६७ किलोंची आहे, म्हणजे जुन्या गाडीपेक्षा तेराच किलो जास्त. दोन्ही चाकांना एबीएस, कर कमी, विमा कमी.

आणि वर्षातले तीस-चाळीस दिवस दोघं सामानासकट नाशिक, कोकण, गोवा करत असाल, तीन वर्षांत कर्ज फेडण्याची ऐपत असेल, दोघांचे पाय आणि पाठी धडधाकट असतील, तर साडेचारशेची जरूर घ्या, आणि आनंदाने घ्या. फक्त सही करण्याआधी एका रविवारी टेप, वही आणि आपलं स्वतःचं हेल्मेट घेऊन शोरूमला बरोबर जा. विक्रेता सगळी माहिती यजमानांनाच सांगू लागला तर हसून म्हणा, "जरा इकडेही बघून सांगा. मागे मी बसणार आहे."